काटवलाचे दोन गड्डे

आज सकाळपासून मी चार वेळा भिंतीपाशी जाऊन आले. उठल्याबरोबर एकदा, तेव्हा चूळही भरली नव्हती. मग भांडी घासून. मग भात मांडून. आणि आता, माझे मालक जेवून आडवे झाले तेव्हा. जाऊन करायचे काही नसते. खाली बसायचे, बोटाने माती थोडी उकरायची, हिरवे काही दिसते का पाहायचे आणि माती परत लोटायची. तिथे काटवलाचा, शहरात ज्याला करटोली म्हणतात त्या वेलाचा, अर्धा गड्डा पुरला आहे. बावीस दिवस झाले. मालक परवा म्हणाले, "अवं, असं रोज उकरशील त उगवनारा बी उगवनार नाई." खरे आहे. पण हात ऐकत नाहीत.

लवकर पिकणारा हलका धान कापायला आला आहे, घरात कामे पडली आहेत आणि माझे मन एका जागी बसत नाही. म्हणून ही वही घेतली. नातीची आहे, मागची पाने कोरी आहेत. बोलायला गेले की माझ्या घशात अडकते, लिहिताना तितके अडकत नाही. दिवाळीनंतर मला गोंदियाला जायचे आहे, माझ्या मोठ्या जाऊबाईंकडे, त्यांच्या वाट्याचे त्यांना द्यायला. एकटीने जायचे आहे. आठ वर्षे आम्ही दोघी बोललो नव्हतो, आणि बोललो त्याच दिवशी मी हा शब्द देऊन बसले. शब्द पाळला नाही तर पुन्हा आठ वर्षे जातील, आणि आता आमची वये तेवढी थांबणारी नाहीत.

काटवलाचा वेल दर वर्षी हिवाळ्यात सुकून जातो. गड्डा जमिनीत राहतो आणि पावसाळ्यात पुन्हा कोंब काढतो. आमच्या सासूबाईंनी माहेराहून, जंगलाकडच्या गावातून, असे दोन गड्डे आणून अंगणाच्या मधोमध लावले होते. एकाच मांडवावर दोन्ही वेल चढत आणि इतके गुंतत की कोणते पान कुठल्या वेलाचे ते कळत नसे. दिवस मावळायच्या सुमारास पिवळी फुले उमलत आणि मांडवाखाली एक जड वास भरून राही. श्रावणात काटवलं निघाली की जाऊबाई तोडत आणि मी पदर धरून खाली उभी राहत असे. त्या उंच आहेत, माझा हात पुरत नाही.

सासूबाई गेल्यावर दुसऱ्या वर्षी दोघा भावांची वाटणी झाली. गावातली चार मोठी माणसे ओसरीवर बसली. भांडी झाली, कौले झाली, बैल झाले, पाण्याचे दोन गुंड एकेक झाले. अंगणाच्या मधून भिंत घालायचे ठरले आणि ती नेमकी मांडवावरून जात होती. गड्डे काढावेच लागणार होते. जाऊबाई म्हणाल्या, "दोन गड्डे आहेत, दोन घरं आहेत. एकेक घ्या." सगळ्यांना ते बरोबर वाटले. मलाही वाटले. खणायचे काम माझ्याकडे आले. एक गड्डा मुठीपेक्षा मोठा निघाला, दुसरा त्याच्या निम्मा. त्या थोरल्या म्हणून मोठा गड्डा मी त्यांना दिला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झाले त्यात हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

भिंतीच्या अलीकडे माझा वेल आला, पलीकडे त्यांचा. माझ्या वेलाला काटवलं लटकली. त्यांच्या वेलाला फुलेच फुले, फळ एक नाही.

एका सकाळी बोरिंगवर पाचसहा बाया पाण्याला उभ्या होत्या. जाऊबाई दांडा मारता मारता म्हणाल्या, "आमची लहानी दिसते भोळी. पन वाटनीत बराबर हात मारला. फळाचा गड्डा सोताले, फुलाचा आमाले."

"फुलं त फुलं," एकजण म्हणाली, "खोप्यात खोवा ना बाई, नव्या नवरीसारख्या दिसान!"

बाया हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. मी म्हणायला पाहिजे होते की मोठा गड्डा मीच तुमच्या हाती दिला. माझा गुंड अर्धा भरला होता. तसाच उचलला आणि घरी आले.

त्या श्रावणात मी भाजी केली आणि वाटीभर झाकून मुलीच्या हाती त्यांच्याकडे पाठवली. आमच्याकडे आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत, कोणी चिमूटभर साखर टाकते, कोणी दोन मिरच्या. माझी वाटी भरलेलीच परत आली. झाकण हललेसुद्धा नव्हते. भरलेली वाटी परत आली तर काय करायचे असते हे मला कोणी शिकवले नव्हते. ती भाजी मी चुलीपाशी उभ्यानेच खाल्ली आणि पुन्हा पाठवली नाही.

मग बोलणे बंद झाले. भांडण होऊन बंद झाले असते तर ते मिटवायला कोणी आले असते. आमचे भांडण झालेच नाही. त्या म्हणाल्या, मी गप्प राहिले, आणि गप्प राहिले म्हणजे खरेच असेल असे त्यांना वाटले. थोरले दीर वारले तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या घरची चूल मी सांभाळली. रोज सकाळी त्यांच्या हातात चहा दिला, त्यांनी रोज घेतला. शब्द नाही. पावसाळ्यात बुद्धविहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला आम्ही एकाच सतरंजीवर बसायचो, मध्ये दोन बाया ठेवून. दोन्ही घरची माणसे एकमेकांशी बोलत, भाऊ-भाऊ, पोरे-पोरे. आम्ही दोघीच नाही.

यंदा त्यांच्या जावयाने ठरवले की सासूने आता एकटे राहू नये, गोंदियाला लेकी-जावयापाशी राहावे. घर बंद राहील, अंगणात गवत माजेल, साप राहतील, म्हणून आषाढात पावसाने चार दिवस उघाड दिली तेव्हा त्यांच्या अंगणात सिमेंटचे गट्टू बसवायचे काम झाले. मालक पलीकडे मदतीला होते. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "वहिनीनं तो फुलाचा वेल काढला आज. फळ त कधी आलं नाई त्याले." मी भात वाढत होते. मला त्यात काही वाटले नाही.

पंधरा दिवसांनी माझ्या वेलावरची फळे पिवळी पडू लागली. फुलाखाली बोरापेक्षाही लहान, काटेरी फळ दिसायचे, आनंद वाटायचा, आणि तिसऱ्या दिवशी हात लावला की गळून पडायचे. मी बुडाशी राख घातली. ताक घातले. तंबाखू भिजवून ते पाणी शिंपडले. दिवसातून दहा वेळा जायचे, पाने उलटून कीड शोधायची. कीड नव्हती. पाने हिरवीगार, फुले भरपूर. समोरच्या घरची बाई म्हणाली, नजर लागली, मिरच्या ओवाळून टाक. मालकांनी "नजर-बिजर आपल्या घरात नाई" म्हणून तिला चहा पाजून परत पाठवले. मला झोप लागेना. इतका चांगला वेल, आणि त्याला काय दुखते आहे ते मला समजू नये.

आठवडी बाजारात जंगलाकडची एक म्हातारी पळसाच्या पानांवर काटवलांचे वाटे मांडून बसते. तिला विचारायचे म्हणून मी गेले. दोनदा तिच्या समोरून निघून गेले. तिसऱ्यांदा तिनेच हाक मारली, "घ्यायचं नाई त चकरा कायले मारून राहिली वं बाई?"

मी खाली बसले. म्हटले, "माह्या घरी वेल आहे. आतापरेंत फळ येत होतं. औंदा फुलं येतात अन् फळ पिवळं होऊन गळते."

"अन् गडीवेल?"

"तो कोनता?"

म्हातारीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी भात कशाचा होतो असे विचारले. "अवं, काटवलात गडी येगळा अन् बाई येगळी. गडीवेलाले निस्ती फुलं. त्याले फळ नाई धरत. पन तो जवळ नसला त बाईवेलाचं बी नाई धरत. तुह्या मांडवावर किती वेल आहेत?"

"एकच."

"मंग पहिले दुसरा होता कोठी तरी. निस्त्या फुलाचा."

मी म्हणाले, "होता. भिंतीपल्याड. खनून टाकला."

शेजारी मिरच्या विकणारी बाई आमचे ऐकत होती. ती मांडीवर हात मारून म्हणाली, "घ्या! म्हनजे गडी शेजारचा होता!" दोघी इतक्या हसल्या की म्हातारीला खोकला आला. माझे कान तापले. मी गरज नसताना एक वाटा काटवलं घेतली आणि निघाले.

वाटेत बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पारीवर बसावे लागले. आमच्या वाटणीत चार शहाणी माणसे होती, माप होते, सगळे निम्मे-निम्मे केले होते, आणि एका घरी गडी दिला, एका घरी बाई दिली, मध्ये भिंत घातली. फुलावरचे पाखरू भिंतीवरून येत-जात होते म्हणून मी आठ वर्षे काटवलं खाल्ली. जाऊबाई खोटे बोलल्या नव्हत्या, त्यांना फळाचा गड्डा मिळाला नव्हताच. मीही काही लपवले नव्हते. आणि हे आता गावात मला एकटीलाच माहीत होते. त्या भादव्याच्या शेवटी जाणार होत्या. तोंड उघडायला माझ्याकडे थोडेच दिवस होते.

पहिल्या दिवशी विहारातून बाहेर पडताना मी मुद्दाम त्यांच्या मागे राहिले. वाक्य मनात जुळवले होते. त्या चपला घालायला वाकल्या आणि माझ्या तोंडून निघाले, "चप्पल उलटी आहे." आठ वर्षांनी बोललेले पहिले वाक्य ते. त्यांनी चप्पल सुलटी केली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी भिंतीपाशी उभी राहून खाकरले. पलीकडे त्याही थांबल्या, झाडूचा आवाज बंद झाला. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने झाडू पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी मालकांना म्हटले, तुम्ही सांगा. मालक म्हणाले, "बायांच्या वेलाचं मी काय सांगू? तुले म्हातारीनं सांगतलं, तू सांग." मग दोन दिवस मी गेलेच नाही. अंगात कसकस आहे म्हणाले. कसकस नव्हती.

मग मला वाटले, आधी गड्डा शोधावा. गड्डा हातात असला तर फार बोलावे लागणार नाही, पुढे केला की झाले. गट्टूच्या कामाची उकरलेली माती त्यांनी घरामागे ढीग करून टाकली होती. एका दुपारी टोपली आणि खुरपे घेऊन मी तिथे गेले. कोणी पाहिले तर शेणाला आले म्हणायचे. ढीग ओला होता, पाय रुतत होते. विटांचे तुकडे निघाले, सासूबाईंच्या वेळची फुटकी चिलीम निघाली, गड्डा निघेना. मी दोन्ही हातांनी उकरत सुटले. कोपरापर्यंत चिखल झाला.

"काय शोधून राहिली वं माह्या ढिगात?"

जाऊबाई मागच्या दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात सूप.

शेण, असे म्हणायचे होते. मी म्हणाले, "तुमचा गड्डा."

"कोनता गड्डा?"

"काटवलाचा. तो गडी होता. माही बाई आहे. दोन्ही मिळून एकच होते. तुमचा होता म्हनून माह्याले फळ धरत होतं. आता तुमी काढला, त माहं समदं गळून राहिलं. मी हात नव्हता मारला, बाई. मोठा गड्डा मी तुमाले देल्ला होता. मोठ्या म्हनून देल्ला होता."

एवढे मी एका दमात कधीच बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ढिगावरच बसले.

त्यांनी सूप कमरेवर टेकवले. मग म्हणाल्या, "म्हनजे आठ वर्सं तुही भाजी माह्या वेलानं पिकवली?"

"होय."

"अन् तू मलेच बोलत नव्हती?"

"तुमी नव्हत्या बोलत."

"मी थोरली आहो. मी आधी काऊन बोलू?" त्यांचा आवाज चढला. "बोरिंगवर मी बोलली तवा तुह्या तोंडाले काय झालं होतं? मोठा गड्डा देल्ला त तवाच सांगायचं होतं. मी म्हटलं, चोराच्या मनात चांदनं, म्हनून पळाली."

"वाटी काऊन परत केली?" मी विचारले. हे माझ्या तोंडून निघेल असे मलाही वाटले नव्हते.

त्यांनी सुपातला तांदूळ एका बाजूला केला, पुन्हा दुसऱ्या बाजूला केला. "भाजीचा वास लई चांगला येत होता," त्या म्हणाल्या. "राग आला."

मग वळून आत गेल्या. मला वाटले, झाले, गेल्या. मी खुरपे उचलले. तेवढ्यात त्या तांब्याचा जुना गडवा घेऊन आल्या. त्यात ओली रेती होती आणि रेतीत गड्डा. तेव्हापेक्षा दुप्पट झालेला, अंगाला माती तशीच. "सासूबाईचा आहे," त्या म्हणाल्या. "ढिगात कशी टाकीन? पोरीच्या गच्चीवर लावीन म्हटलं. फळ नाई त नाई, वास त येईल."

आम्ही त्यांच्या मागच्या पायरीवर बसलो. त्यांनी विळा आणला. गड्ड्याच्या वरच्या अंगाला डोळे असतात, ते दोन्हीकडे यावेत म्हणून त्यांनी तीनदा फिरवून पाहिला, आणि उभा चिरला. आत पांढरा, चिकट. चिरल्यावर त्यांनी दोन्ही तुकडे राखेत लोळवले आणि एक माझ्यापुढे धरला. "घे. अन् पाहून घे नीट, पुन्हा म्हनशील थोरलीनं लहान तुकडा देल्ला."

मी तुकडा पदरात घेतला. म्हणाले, "माहा बी आता खनतो. अर्धा तुमाले देतो."

"याडी आहेस का? भर पावसाळ्यात वेल कायले मारतेस? सुकू दे. दिवाळी झाली का खन, अन् घेऊन ये गोंदियाले."

"मालकाच्या हातून पाठवतो," मी म्हणाले.

"त्याच्या हातून नोको पाठवू," जाऊबाई म्हणाल्या. "तू ये. एवढे दिवस पोरीच्या हातून वाटी पाठवली, दिराच्या हातून निरोप पाठवले. आता तू सोता ये."

मी "येतो" म्हणाले. तो हा शब्द.

पाच दिवसांनी त्या गेल्या. जावई गाडी घेऊन आला होता. गडवा त्यांनी मांडीवर घेतला होता, डिकीत ठेवू दिला नाही. जाताना सगळ्यांशी बोलल्या, माझ्याशी काही विशेष बोलल्या नाहीत. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून एवढेच म्हणाल्या, "भिंतीपासून हातभर लांब लाव. बुडाशी पानी नोको साचू देऊ."

तेव्हापासून मी अशी फिरते आहे. पलीकडच्या दाराला कुलूप आहे. मांडवावरचा वेल खालून पिवळा व्हायला लागला आहे, पाने सुकून वाजतात. तो पूर्ण सुकला की जागा सापडणार नाही म्हणून बुडाशी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे. रेल्वेच्या वेळेचे मी मालकांना दोनदा विचारून घेतले. ते म्हणतात, स्टेशनापर्यंत मी सोडतो, तिकीट काढून देतो, पण गोंदियाला उतरून ऑटो तुलाच करावा लागेल, आणि तिथे ऑटोवाले हिंदीच बोलतात. पोळ्या भाजताना मी ते वाक्य म्हणून पाहते, "भैया, राइस मिल के पीछे जाना है." म्हणताना आवाज बारीक होतो. माझ्या तव्यापर्यंतही पोचत नाही. उद्या थोडे मोठ्याने म्हणेन.

एवढे लिहून मी उठले होते. मालकांचा फोन वाजला म्हणून परत आले. पलीकडून जाऊबाई होत्या. एरवी मी फोन मालकांच्या हाती देते. ते झोपले होते.

"उगवला का वं?" त्यांनी विचारले.

"नाई."

"उकरून नोको पाहू रोज."

मी नखातली माती पदराला पुसली.

"माहा बी नाई उगवला," त्या म्हणाल्या. "पोरगी वरडते, आई, कुंडीत हात घालू नोको. मी म्हटलं, काय करू, राहवत नाई." त्यांच्या मागे गाडीचा भोंगा ऐकू आला, कोणीतरी हिंदीत जोरजोरात बोलत होते. "येशील ना तू?"

"येतो," मी म्हणाले. "ऑटोवाल्याले काय सांगायचं ते पाठ करून राहिली."

"म्हनून दाखव."

मी दाराकडे पाहिले, कोणी नव्हते. मग म्हणून दाखवले.

"आयकू नाई आलं," जाऊबाई म्हणाल्या. "जोरात म्हन."